सरकारी माणूस गोजराक्का

लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की लोक हातातल्या अक्षता नवरा-नवरीवर टाकतात. आमच्या गावच्या गोजराक्का आधी त्यातला एक दाणा तोंडात टाकायच्या. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, गुलाबी रंगात बुडवलेल्या. अक्का डोळे मिटायच्या, दाणा दाढेखाली धरून कट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबायच्या, थोडं चघळायच्या आणि पुढचं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत निकाल सांगून मोकळ्या व्हायच्या, "दोन वरीसनी जुनी शे. कीड लागेल शे."

एकदा नवरीचा बाप मांडवातूनच ओरडला, "अक्का, तोंडमा नको टाकू वं, पोरवर टाक!"

"टाकस ना," अक्का शांतपणे म्हणाल्या. त्यांचे ओठ गुलाबी झाले होते. "पन तपासाबिगर कसं टाकू?"

अक्का वेड्या नव्हत्या, हे मी आधीच सांगतो. त्या रेशन दुकानाच्या दक्षता समितीच्या सदस्य होत्या. आमच्या गावात फरक समजायला जरा वेळ लागला, इतकंच.

आमचं गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. पावसावरची शेती, त्यात नागली, म्हणजे नाचणी, आणि ज्वारी. ती संपली की उरलेलं वर्ष लोक मजुरीवर आणि रेशनच्या गव्हावर काढत. या दुकानावर लक्ष ठेवायला गावातल्याच लोकांची एक समिती असते. आमची समिती कागदावर होती आणि कागद तहसील कचेरीत होता. मग एका वर्षी वरून पत्र आलं की समितीत एक बाई हवीच. सरपंचांनी बायकोचं नाव घातलं, पण ती सही करायच्या वेळी माहेरी गेलेली. तलाठी भाऊंना त्याच दिवशी यादी पाठवायची होती. समोरून अक्का हंडा घेऊन चालल्या होत्या. तलाठी भाऊ म्हणाले, "अक्का, आठे आंगठा लाव." अक्कांनी हंडा खाली ठेवला आणि अंगठा लावला. मग विचारलं, "हाई कसानं शे?"

"तू आतेपाईन सरकारना माणूस शे," तलाठी भाऊ हसत म्हणाले.

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. कारण अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत अक्का दुकानासमोर. सोबत तेलाचा रिकामा डबा. तो पालथा घालून त्यावर बसल्या. दुकानदार सुपडूशेठ कुलूप काढता काढता म्हणाले, "काय अक्का, गहू पाहिजे का?"

"नही. मी सरकारना माणूस शे. तू तुन्हं काम कर."

त्यानंतर जेव्हा जेव्हा दुकान उघडं, तेव्हा तेव्हा अक्का डब्यावर. नवं पोतं फुटलं की पहिला दाणा त्यांच्या दाढेखाली. पिशवी भरून बाई बाहेर आली की अक्का हात पुढे करत, पिशवी दोन बोटांवर तोलत आणि "जाय" म्हणत. सुपडूशेठ येईल त्या माणसाला सांगत, "ही बाई माझ्या दुकानासमोर नाही, माझ्या छाताडावर बसलेली आहे."

एकदा अक्कांनी पिशवी तोलून म्हटलं, "पावशेर कमी शे." सुपडूशेठ या क्षणाची जणू वाटच पाहत होते. त्यांनी पंचवीस माणसांसमोर पिशवी पुन्हा काट्यावर घातली. वजन बरोबर निघालं. सगळे अक्कांकडे पाहायला लागले. अक्का डब्यावरून उठल्या, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि मोठ्याने म्हणाल्या, "सरकार चुकनं. माफी शे." मग परत डब्यावर बसल्या. सुपडूशेठ जिंकले होते, पण त्यांचा चेहरा हरल्यासारखा झाला. त्यांनी आजवर सरकारला कान धरताना पाहिलं नव्हतं.

दुकानात तपासून भागेना, तसं अक्कांनी घरोघर फिरणं सुरू केलं. दुकानातला गहू घरात जाऊन कसा शिजतो, हे त्यांच्या मते समितीचंच काम होतं. नेमक्या जेवायच्या वेळी त्या दारात उभ्या राहत. "काय शिजी राहिनं? झाकन काढ." भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकत, डोळे मिटत आणि "कडवट शे" किंवा "बरा शे" एवढं बोलून पुढच्या घरी. माझ्या आईला हे अजिबात आवडायचं नाही. अक्का वळल्या की ती म्हणायची, "हाई बाई एक दिन हंडीमा उतरी जाई!"

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं मला फार जपून वागावं लागे, असं मला वाटायचं. एक दिवस अक्का डोळे दाखवायला एसटीने धुळ्याला आल्या आणि विचारत विचारत आमच्या वसतिगृहात पोचल्या. मला भेटण्याआधी त्या भटारखान्यात गेल्या. आचाऱ्याला म्हणाल्या, "मी सरकारना माणूस शे," आणि तांदळाच्या डब्यात हात घातला. आचारी घाबरला. बाई कोणत्या खात्याच्या आहेत हे विचारायचीही त्याची हिंमत झाली नाही. त्या दिवशी आम्हाला डाळीत डाळ दिसली.

मुलांनी विचारलं, "कोण रे या?" मी म्हणालो, "आमच्या गावच्या आहेत कोणी." शेजारच्या घरातल्या, लहानपणी मला न्हाऊ घातलेल्या बाईबद्दल मी असं बोललो. ते मला अजून टोचतं. अक्कांनी ते ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तांदूय बरा शे. खात जाय."

त्याच वर्षी राज्य सरकारने रेशनची पद्धत बदलली.

आधी महिन्याचा गहू दर आठवड्याला थोडा थोडा नेता यायचा. नवा आदेश असा आला की महिन्याचा सगळा गहू एकदम न्यायचा आणि तोही पहिल्या सात दिवसांत. सात दिवसांत नेला नाही तर त्या महिन्याचा हक्क गेला. दुकानदारांनी उरलेला माल बाहेर काढू नये म्हणून हे केलं, असं म्हणत. हेतू वाईट नसावा. पण आमच्याकडे मजुरी मिळते बाजारच्या दिवशी. एका बाजारच्या मजुरीत महिन्याचा गहू बसत नाही. आठवड्याचा बसतो.

दुसऱ्या आठवड्यात बायका नेहमीप्रमाणे पिशव्या घेऊन आल्या. सुपडूशेठ म्हणाले, "मुदत संपली." त्यात आमच्या गल्लीतली ठगूबाई होती, माझी आई होती, खालच्या गल्लीतल्या सगळ्याच होत्या. कोणी भांडलं नाही. पिशव्या घडी घालून काखेत मारल्या आणि निघाल्या. अक्का डब्यावरून हे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साक्रीची एसटी धरली.

तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेतला कारकून त्यांना ओळखत होता. तो म्हणाला, "अक्का, आम्ही काय करणार? वरून आदेश आहे."

"वर म्हंजे कोठे?"

"मुंबईहून."

"आनि मुंबईना वर कोन शे?"

कारकून वैतागला. "दिल्ली."

"मंग ठीक," अक्का उठत म्हणाल्या. "मी दिल्लीनी वाट देखस."

कारकून हे पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर सांगून लोकांना हसवत होता. पण मे महिन्यात, मी सुटीला गावी आलेलो असताना, खरोखरच दिल्लीचा माणूस आला. राज्यांनी रेशनच्या पद्धतीत जे बदल केले ते नीट चाललेत का, हे पाहायला केंद्र सरकारने काही अधिकारी पाठवले होते. त्यातल्या एकाच्या यादीत कसं कोण जाणे, आमचं गाव आलं.

दुकानाच्या भिंतींवर चुन्याचा हात फिरला. गव्हाचे नमुने पितळी ताटल्यांत मांडले. तहसीलदारांची जीप आली, तिच्यातून नायब तहसीलदार उतरले आणि मागून एक सडपातळ, घामाघूम झालेले चष्मेवाले साहेब. त्यांना मराठी येत नव्हती. हिंदी समजणारा शिकलेला कोण, म्हणून मला पुढे ढकललं. 

नायब तहसीलदारांनी रजिस्टर उघडून दाखवलं. पद्धत छान चालली आहे, दुकानदाराकडे माल उरत नाही, फक्त एक गोष्ट आहे. "इस गाँव में आधे लोग अनाज उठाते ही नहीं, सर. ज़रूरत नहीं होगी. अगले महीने से कोटा आधा करने का प्रस्ताव है."

गावाचा गहू अर्धा होणार. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा बाहेर उभ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

साहेब चांगले होते. ते स्वतः बाहेर आले. ठगूबाईला विचारलं, "अनाज मिलता है?"

"मिळस ना, सायेब."

"पेट भरता है?"

"भरस."

माझ्या आईला विचारलं. आई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आम्हना घरमा बठ्ठं शे, सायेब. काहीच कमी नही."

आमच्या लोकांचं हे असं आहे. परक्या माणसासमोर, तोही गाडीतून आलेला, घरात दाणा नाही हे तोंडातून निघत नाही. उपाशी राहतील, पण पाहुण्याला सांगणार नाहीत. नायब तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, मी काय म्हणत होतो, असा चेहरा. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

तेव्हा अक्का डब्यावरून उठल्या आणि साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी विचारलं, "आप कौन हैं, माताजी?"

"मी सरकारना माणूस शे."

मी चाचरत सांगितलं. साहेब हसले. "मैं भी."

"अक्का, तेबी सरकारना माणूस शेतस."

"मंग चाला," अक्का म्हणाल्या. "दुकानमा काय देखतस? धान काय दुकानमा शिजस का?"

नायब तहसीलदार म्हणाले, "अक्का, साहेबांना वेळ नाही."

"तपासाबिगर कसं समजी?" अक्का म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मी ते वाक्य हिंदीत सांगितलं, तसं साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि ते अक्कांच्या मागे निघाले. मग सगळेच निघाले.

पहिलं घर आमचं. जेवायची वेळ झालेली, चुलीवर हंडी. आई दारात आडवी उभी राहिली.

"झाकन काढ, माय."

"अक्का, पाव्हनासमोर?"

"पाव्हना नही तो. सरकार शे."

अक्कांनीच झाकण काढलं. आत नागलीची पेज होती, इतकी पातळ की हंडीचा तळ दिसत होता. साहेबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आज उपास शे, सायेब."

"कोनता वं?" अक्कांनी विचारलं.

 साहेब माझ्याकडे वळले. "क्या कह रही हैं?"

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हंडीकडे बघत होती. कॉलेजात मी भाषणाच्या स्पर्धेत भाग घेतला होता, पण इतकं अवघड वाक्य मी तिथे कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "साहब, आज कोई उपवास नहीं है."

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग ठगूबाईचं घर, मग खालची गल्ली. अक्का पुढे, झाकण काढत. कुठे पेज, कुठे उकडलेला रानभाजीचा पाला, एका घरी नुसतंच पाणी उकळत होतं, कारण गाडी आल्याचं ऐकून त्या बाईने घाईने चूल पेटवली होती. पाचव्या घरानंतर बायकांनी लपवणं सोडलं. ठगूबाई स्वतःहून बोलायला लागली. बाजार बुधवारचा, मजुरी बाजारला, त्या मजुरीत आठवड्यापुरताच गहू येतो, आणि आठवड्यापुरता सुपडूशेठ देत नाहीत. "आठ दिननं आठ दिनले दी टाका ना, सायेब. आम्ही कोठे नही म्हनतस?" मी सांगत गेलो, साहेब उभ्या उभ्या लिहीत गेले. नायब तहसीलदार घड्याळ बघायचं विसरले होते.

गल्ली संपली. साहेबांनी वही मिटली आणि विचारलं, "और आपका घर, माताजी?"

अक्का पहिल्यांदाच अडखळल्या. "मना घरमा काय देखनं? मी तपासनारी."

साहेब त्यांच्या त्या दिल्लीच्या उच्चारात म्हणाले, "तपासाबिगर कसं समजी?"

सगळी गल्ली हसली. अक्काही हसल्या, पण जरा उशिरा.

अक्कांचं घर एका खणाचं. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला गिरणीत. आधी दिवाळीला यायचा, मग पत्र यायचं, मग तेही नाही. कोपऱ्यात गव्हाचा डबा होता. साहेबांनी उघडला. डबा गळ्यापर्यंत भरलेला, निवडलेला गहू, वर कडुनिंबाचा पाला. अक्कांनी आपला गहू पहिल्याच दिवशी उचलला होता. एक कार्ड, एक माणूस, तेवढा त्यांना परवडत होता.

मग साहेब चुलीकडे वळले. चुलीच्या आत मांजर झोपलेलं होतं. राखेचा एक कण नव्हता. मांजराने डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"हाट!" अक्का पुढे झाल्या. मांजर हललं नाही.

साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "चूल्हा कब जला था?"

मी ते सांगायच्या आधीच अक्कांना समजलं. डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "एकला माणूससाठे काय पेटाडनं, सायेब? चार घर फिरस. घास घास खास. व्हई जास."

मला हे हिंदीत सांगता आलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. माझी आई दाराबाहेर उभी होती. तिने ते ऐकलं. समितीच्या आधी, कोणाच्या दारात उभं राहायला काही कारण नसताना, अक्का कशा जेवत असतील हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

साहेब तांब्याभर पाणी प्याले, त्यांनी अक्कांना हात जोडले आणि जीप निघून गेली.

माझ्याशी बोलायला लागण्याआधी आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परातीत नागलीचं पीठ घेऊन घरातून निघाली. मी विचारलं, "कोठे?" ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आपला चुल्हा धुपी राहिना. अक्काना चुल्हावर भाकरी टाकी येस."

आमची चूल चांगली होती, धूर करत नव्हती. सकाळीच मी तिच्यातली राख काढली होती. पण त्या दिवशी आम्ही अक्कांच्या ओट्यावर जेवलो. अक्कांनी आपला गहू जात्यावर दळून आईच्या नागलीत मिसळायला लावला. मांजर रागावून छपरावर जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी ठगूबाईची चूल धुपायला लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या पलीकडच्या घराची. मग खालच्या गल्लीतल्या सगळ्या चुली पाळीपाळीने बिघडायला लागल्या, रोज एक.

पावसाळ्यात आदेश आला. आमच्याकडच्या गावांत महिन्याचा गहू दर आठवड्याला नेता येईल आणि गावाचा कोटा होता तेवढाच राहील. अक्कांनी आदेश मला तीनदा वाचायला लावला आणि मग डबा घेऊन दुकानासमोर जाऊन बसल्या. सुपडूशेठनी त्या दिवशी स्वतःहून पोत्यातला पहिला दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो तेव्हा घरोघर गहू होता. तरी आमची चूल त्या दिवशीही धुपत होती. अक्कांच्या घरी पंगतीला नऊ माणसं. अक्का तव्यासमोर. मला राहवलं नाही. शिकलेल्या माणसाला खरं बोलायची खोड लागते.

"अक्का," मी म्हणालो, "आमना चुल्हा तर चांगला—"

आईने माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला.

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगलेली बघितली, माझ्या ताटात टाकली आणि वर न बघता म्हणाल्या, "जेव रे. सरकारले बठ्ठं ठाऊक शे."